मुखडा

तळघरातल्या या खोलीत ए.सी. बंद ठेवावा लागतो.
गार कातडीवर यंत्र खोटं बोलतं,
आजार असला तरी नाही म्हणतं.
म्हणून आधी गरम पाण्याची पिशवी,
मग बाकीचं.

दस्तगीर अत्तार, वय एकोणसाठ,
रास्ता पेठेतल्या ब्रास बँडमध्ये क्लॅरिनेट.
डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एवढंच: संध्याकाळी पापणी पडते.
ते स्वतः म्हणाले ते वेगळं:
"वरात क्वार्टर गेटपाशी असते तोवर ठीक.
नाना पेठेत शिरलो की
ओठांच्या कडेनं हवा निसटते, ताई.
लोकांना कळत नाही, नाचतायत ते.
ट्रम्पेटवाल्याला कळतं."

मी त्यांचं तोंड भिंतीकडे वळवलं,
नाकपुडीशेजारी एक चकती चिकटवली,
कानाखाली दांडी टेकवली.
एक धक्का. गाल उडाला.

तेवढ्यात काय काय घडून जातं
ते त्यांना सांगितलं नाही, इथे सांगते.
नस म्हणजे तार नव्हे.
नसेत दारं उघडत जातात,
चाळीत एकीनं कडी काढली की शेजारीण डोकावते,
तिच्यामुळे तिची शेजारीण,
तशी सोडियमची, शेवटच्या खोलीपर्यंत.
आणि मग नस संपते.
स्नायू सुरू होण्याआधीच संपते.
मधे फट.
एका केसाच्या जाडीत अशा हजाराहून जास्त मावतील,
पण फट ती फट.
भिडे पुलावर पाणी चढलं की
डेक्कन समोर दिसतं आणि जाता येत नाही.

तिथे विजेला उतरावं लागतं.
निरोप पुड्यांत बांधलेला असतो, त्या फुटतात,
ॲसिटिलकोलीन पलीकडे पोचतं,
पलीकडच्या कुलपांत बसतं,
मग पुन्हा वीज, स्नायूच्या पार आत,
आणि आत कोंडून ठेवलेलं कॅल्शियम सुटतं,
खडकवासल्याचे दरवाजे उचलल्यासारखं.
तेव्हा कुठे धागा धाग्याला धरतो,
ओढतो, सोडतो, पुढे धरतो,
विहिरीचा दोर हातावर हात टाकत घ्यावा तसा.

सोडायलाही ताकद लागते.
हे शिकताना पाठ केलं होतं, पटलं नव्हतं.
बाबांच्या मुठीतला चष्मा
ससूनच्या त्या पहाटे मला निघेना,
तेव्हा पटलं.

अत्तारांची कुलपं त्यांच्याच रक्तानं बुजवलीत.
चावी शाबूत, हात शाबूत,
पाचातली दोन-तीनच कुलपं उघडतात.
असं मला वाटतं. वाटणं माझ्या कामात बसत नाही.

सेकंदाला तीन, एकूण दहा.
पडद्यावर पहिली टेकडी पर्वतीएवढी,
दुसरी बुटकी, तिसरी त्याहून,
चौथी म्हणजे नुसता उंचवटा.
पाचवी जराशी सावरली.

"लय पक्की आहे तुमच्या मशीनची,"
ते भिंतीला म्हणाले.
"दम उतरतोय फक्त. चौथ्याला सगळ्यात कमी होता,
बरोबर?"
पडदा त्यांच्या पाठीकडे होता.
मी म्हटलं, हलू नका.

पाच मिनिटं विश्रांती. पिशवी परत.
त्यांनी डोळे मिटले, की पापण्याच मिटल्या,
सांगता येत नाही.
पुन्हा दहा.
पहिली पुन्हा पर्वतीएवढी.

रिपोर्ट डॉक्टर सांगतील,
हे वाक्य मी आठवड्यातून चाळीसदा म्हणते.
त्यांनी ते ऐकून घेतलं,
बसचं तिकीट घडी घालून खिशात ठेवावं तसं.

"पहिला पूर्ण येतो ना पण?
गालाला कळलं माझ्या."

मान हलवायची परवानगी नाही. हलली.

"झालं तर मग. यंदाच्या लग्नसराईत
मुखडा तेवढा मी धरीन.
अंतऱ्याला फिरोजला उभा करतो,
पोरगा घाई करतो, पण दम आहे."

जेली पुसायला कापूस दिला.
उजव्या हातानं गाल पुसता पुसता
अर्ध्यात त्यांनी हात बदलला,
आणि विचारलं,
वर जायला लिफ्ट आहे का.